एकच शेगडी, दोन कार्यक्षमता

एका शेगडीची कार्यक्षमता ७० टक्के आहे असे एका अभियंत्याने सांगितले. दुसऱ्याने तीच शेगडी, तेच सरपण आणि तेच तापमापक घेऊन ती साडेसत्त्याहत्तर टक्के असल्याचे सांगितले. दोघांची उपकरणे ठीक होती आणि आकडेमोडही बरोबर होती. मग खरे कोणाचे?

हा प्रश्न परीक्षेतल्या कोड्यासारखा वाटेल. पण अमेरिकेत त्याच्या उत्तरावर माणसांचे दीड-दोन हजार डॉलर अवलंबून होते. घर उबदार ठेवण्यासाठी जो चांगली लाकडाची शेगडी बसवील त्याला आयकरात सूट द्यायची, असा कायदा तिकडे काही वर्षे होता. ‘चांगली’ म्हणजे किमान ७५ टक्के कार्यक्षम. वरच्या दोन अभियंत्यांपैकी एकाचे मानले तर सूट मिळते, दुसऱ्याचे मानले तर एक सेंटही मिळत नाही. अकरावीच्या पुस्तकातली अप्रकट उष्णता कायद्याच्या कलमात कशी शिरली, त्याची ही हकिगत आहे.

शेगडी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कोळशाची किंवा गॅसची शेगडी येते. अमेरिकेच्या थंड भागातली शेगडी निराळी. ओतीव लोखंडाची किंवा पोलादी पत्र्याची बंद पेटी, पुढे काचेचे दार, आत जळणारे ओंडके आणि छपरातून वर गेलेले धुराडे, असे तिचे रूप असते. स्वयंपाकासाठी ती नसते; खोली तापवणे हेच तिचे काम. महाराष्ट्रात तिच्या सर्वांत जवळची वस्तू म्हणजे पाणी तापवायचा तांब्याचा बंब. बंबाच्या मधल्या नळीतून जळते वायू वर जातात आणि जाता जाता भोवतालच्या पाण्याला उष्णता देतात. शेगडीत पाण्याच्या जागी खोलीतली हवा असते, एवढाच फरक. बंबाच्या तोंडावर हात धरून पाहिलात, तर किती उष्णता पाण्याला न मिळता वाया जाते ते लगेच कळते.

भिंतीतल्या उघड्या शेकोटीत यापेक्षाही मोठा अपव्यय होतो. लाकडातली नव्वद टक्क्यांच्या आसपास उष्णता धुराड्यातून निघून जाते, शिवाय खोलीतली गरम हवाही ज्वाळेबरोबर वर ओढली जाते. म्हणून अठराव्या शतकात बेंजामिन फ्रँकलिनने लोखंडी पत्र्यांची शेगडी तयार केली. पेन्सिल्व्हेनियाच्या गव्हर्नरने तिचे पेटंट देऊ केले असता फ्रँकलिनने ते नाकारले. सार्वजनिक उपयोगाच्या कल्पनेवर कुणा एकाची मालकी नसावी, असे त्याचे मत होते. सरकारने पैसे देऊन लोकांना चांगली शेगडी घ्यायला लावणे, हा पुढच्या काळातला विचार.

वजावट वेगळी, क्रेडिट वेगळे

सूट म्हणजे नेमके काय, ते आधी पाहू या. कारण इथे मोठी माणसेही घोटाळा करतात.

सरकार करात सवलत दोन तऱ्हांनी देते. एक वजावट. आपल्याकडे जुन्या करपद्धतीत विम्याचे हप्ते किंवा भविष्यनिर्वाह निधीत भरलेली रक्कम उत्पन्नातून वजा होते आणि उरलेल्या उत्पन्नावर कर लागतो. शेगडीचे ४००० डॉलर असे उत्पन्नातून वजा झाले, तर ज्याचा वरच्या टप्प्यावरचा कर १२ टक्के आहे त्याचे ४८० डॉलर वाचतील. ज्याचा २४ टक्के आहे त्याचे ९६० वाचतील. म्हणजे श्रीमंताला दुप्पट फायदा.

दुसरी तऱ्हा टॅक्स क्रेडिटची. यात उत्पन्नाला हात न लावता, आकारून झालेल्या करातूनच रक्कम वजा करतात. २०२३, २०२४ आणि २०२५ या तीन वर्षांत अमेरिकेत शेगडीला मिळणारे क्रेडिट खर्चाच्या ३० टक्के होते, आणि वर्षाला जास्तीत जास्त २००० डॉलर. शेगडी व ती बसवण्याची मजुरी मिळून ४००० डॉलर झाले, तर करातून १२०० डॉलर कमी. खर्च ८००० झाला तर तीस टक्क्यांप्रमाणे २४०० होतात, पण हाती येणार २०००च.

हे क्रेडिट वजावटीपेक्षा न्याय्य दिसते. पण त्यात एक खोच होती. ज्याचा वर्षाचा एकूण करच ८०० डॉलर असेल, त्याला १२०० मधले फक्त ८०० मिळत. उरलेले ४०० सरकार रोख परत करीत नसे आणि ते पुढच्या वर्षीच्या करातूनही वळते करता येत नसत. ज्याला कर लागतच नाही इतके ज्याचे उत्पन्न कमी, त्याला काहीच नाही. जुनी, धूर ओकणारी शेगडी बहुधा अशाच घरात असते, हे लक्षात ठेवा. त्याकडे आपण पुन्हा येणार आहोत.

क्रेडिट मागण्याची रीत सरळ होती. घर अमेरिकेत असायला हवे आणि मागणारा त्यात राहत असला पाहिजे. शेगडी ज्या वर्षी बसवून वापरात आली, त्याच वर्षाच्या विवरणपत्राला ५६९५ क्रमांकाचा फॉर्म जोडायचा. शेगडी पात्र असल्याचे निर्मात्याचे लेखी प्रमाणपत्र आणि पावत्या विवरणपत्राबरोबर पाठवायच्या नसत. त्या स्वतःजवळ जपून ठेवायच्या आणि महसूल खात्याने विचारले तर दाखवायच्या. म्हणजे सगळी मदार त्या प्रमाणपत्रावर, आणि प्रमाणपत्राची मदार एका आकड्यावर.

भाजकात काय ठेवले?

कार्यक्षमतेची व्याख्या तुम्हाला पाठ आहे: मिळालेली उपयुक्त ऊर्जा भागिले पुरवलेली ऊर्जा. परीक्षेत एवढे लिहिले की पूर्ण गुण. पण ‘पुरवलेली ऊर्जा’ म्हणजे किती, हे कोण ठरवणार? विजेच्या मोटारीच्या बाबतीत मीटर सांगतो. लाकडाच्या बाबतीत ते तितके सोपे नाही.

लाकडाचा उष्मांक, म्हणजे एक किलोग्रॅम लाकूड पूर्ण जळल्यावर मिळणारी उष्णता, बाँब कॅलरीमापीत मोजतात. पोलादाच्या जाड भांड्यात वाळलेल्या लाकडाचा लहानसा नमुना ठेवायचा, दाबाखाली ऑक्सिजन भरायचा, विजेच्या तारेने पेटवायचा आणि बाहेरचे पाणी किती अंशांनी तापले ते पाहायचे. पूर्ण कोरड्या लाकडासाठी उत्तर येते किलोग्रॅमला सुमारे २० मेगाज्यूल.

आता भांड्याच्या आत काय झाले ते पाहा. कोरड्या लाकडात वजनाने सुमारे ५० टक्के कार्बन, ६ टक्के हायड्रोजन आणि बाकी बहुतेक ऑक्सिजन असतो. हायड्रोजन जळला की पाणी होते. एक ग्रॅम हायड्रोजनपासून नऊ ग्रॅम पाणी, हे रसायनशास्त्रात तुम्ही केले आहे. म्हणजे एक किलोग्रॅम कोरड्या लाकडातल्या ६० ग्रॅम हायड्रोजनपासून ५४० ग्रॅम पाणी तयार होते. कोरडे लाकूड जाळून अर्ध्या किलोहून जास्त पाणी! हे पाणी तयार होते ते वाफेच्या रूपात. पण कॅलरीमापी बंद असतो आणि अखेरीस त्याचे तापमान खोलीइतकेच राहते, त्यामुळे वाफेचे पुन्हा पाणी होते आणि होताना ती आपली अप्रकट उष्णता सोडते. कॅलरीमापीने दाखवलेल्या २० मेगाज्यूलमध्ये ही उष्णताही धरलेली असते. याला उच्च उष्मांक म्हणतात.

शेगडीत मात्र असे होत नाही. वाफ वाफेच्याच रूपात धुराड्यातून बाहेर पडते आणि आपली अप्रकट उष्णता घेऊन जाते. २५ अंश सेल्सिअसला ही उष्णता किलोग्रॅम पाण्यामागे २.४४ मेगाज्यूल असते. तेव्हा काही अभियंते म्हणतात, जी उष्णता शेगडीला कधी मिळणारच नाही ती तिच्या नावे कशाला मांडायची? ती आधीच वजा करून टाका. वजा केल्यावर जो उरतो तो निम्न उष्मांक.

आपण प्रत्यक्ष हिशेब करू. बाजारातले चांगले वाळलेले सरपणसुद्धा अगदी कोरडे नसते. त्यात वजनाच्या २० टक्के पाणी धरू. अशा एक किलोग्रॅम सरपणात कोरडे लाकूड ८०० ग्रॅम, म्हणून उच्च उष्मांक १६ मेगाज्यूल. पाणी किती? मुळातले २०० ग्रॅम आणि हायड्रोजनपासून झालेले ४३२ ग्रॅम, मिळून ६३२ ग्रॅम. त्याच्या वाफेबरोबर जाणारी उष्णता ०.६३२ गुणिले २.४४, म्हणजे १.५४ मेगाज्यूल. निम्न उष्मांक राहिला १४.४६.

समजा शेगडीने खोलीला ११.२ मेगाज्यूल दिले. उच्च उष्मांकाने भागा: ११.२ भागिले १६, म्हणजे ७० टक्के. निम्न उष्मांकाने भागा: ११.२ भागिले १४.४६, म्हणजे ७७.५ टक्के. आपले दोन अभियंते इथे सापडले. अंश एकच होता. भाजक निराळे होते.

युरोपात बरीच वर्षे निम्न उष्मांकाने कार्यक्षमता सांगण्याची पद्धत आहे. त्यामुळे एक गंमत होते. तिथल्या काही आधुनिक गॅस बॉयलरमध्ये जळलेले वायू इतके थंड करतात की वाफेचे पाणी होते आणि अप्रकट उष्णताही हाती लागते. मग पत्रकावर कार्यक्षमता छापली जाते १०५ टक्के! ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम कुणी मोडलेला नसतो. आधी भाजकातून काढून टाकलेली उष्णता नंतर अंशात परत आलेली असते, एवढेच. मिथेनच्या बाबतीत दोन्ही उष्मांकांतला फरक सुमारे अकरा टक्के असल्यामुळे अशा बॉयलरची मजल जास्तीत जास्त १११ पर्यंत जाऊ शकेल.

कायद्यातले दोन शब्द

१९७३ च्या तेलटंचाईनंतर ऊर्जा वाचवणाऱ्या घरमालकाला करात सूट देण्याची कल्पना अमेरिकेत रुजली. १९७८ च्या ऊर्जा कर कायद्याने घराच्या उष्णतारोधनाला आणि सौर उपकरणांना क्रेडिट दिले. पुढे ही व्यवस्था बंद पडली आणि नव्या शतकात पुन्हा सुरू झाली. लाकूड व तत्सम जैव इंधनांच्या शेगड्यांचे कलम २००८ च्या ऑक्टोबरमध्ये आले, ते २००९ पासून लागू व्हायचे होते. त्यात ७५ टक्क्यांची अट होती. मंदीवर उपाय म्हणून फेब्रुवारी २००९ मध्ये जो कायदा झाला, त्याने क्रेडिट ३० टक्के, कमाल १५०० डॉलर केले. आणि ७५ टक्के कार्यक्षमता ‘निम्न उष्मांकाने मोजलेली’ असावी, असे शब्द घातले.

आपल्याच आकड्यांनी पाहा, या शब्दांचा अर्थ काय होतो. २० टक्के ओलीच्या सरपणासाठी निम्न उष्मांकाने ७५ म्हणजे उच्च उष्मांकाने जेमतेम ६८. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९८८ च्या नियमात, प्रत्यक्ष चाचणी नसेल तेव्हा धरण्यासाठी सरसकट आकडे ठरवून दिले होते: साध्या शेगडीला ६३ टक्के, उत्प्रेरक बसवलेल्या शेगडीला ७२ आणि लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या गोळ्या, म्हणजे पेलेट, जाळणाऱ्या शेगडीला ७८. ६८ ची रेषा यांच्या मधोमध पडते. ७५ ची रेषा उत्प्रेरकवालीच्याही वर जाते.

पुढे काही वर्षे क्रेडिटची मर्यादा ३०० डॉलरवर आली आणि ती कधी संपायची, कधी मागाहून वाढवून मिळायची. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या कायद्याने २०२१ पासून शेगडीला २६ टक्के क्रेडिट दिले. त्या वेळी अट तीच राहिली, ७५ टक्के; पण आता ‘इंधनाच्या उच्च उष्मांकाने मोजलेली’. आकडा जागचा हलला नव्हता. ज्यांच्या शेगड्या २००९ मध्ये बसत होत्या त्यांपैकी कित्येक मात्र रेषेच्या बाहेर गेल्या. वर्तमानपत्रातला साधा वाचक हे दोन शब्द ओलांडून पुढे जाईल. भौतिकीच्या विद्यार्थ्याने तिथे थांबले पाहिजे. २०२३ ते २०२५ च्या ३० टक्के क्रेडिटलाही हीच अट होती.

माझ्या मते उच्च उष्मांकच धरायला हवा होता, आणि त्याला कारण आहे. ओले लाकूड घेऊन तोच हिशेब करा. नुकतेच तोडलेले, ५० टक्के पाणी असलेले लाकूड किलोला १० मेगाज्यूल उच्च उष्मांकाचे. त्यातून निघणारे एकूण पाणी ७७० ग्रॅम आणि त्याच्याबरोबर जाणारी उष्णता १.८८ मेगाज्यूल, निम्न उष्मांक ८.१२. शेगडीने ६.५ मेगाज्यूल दिले तर उच्च उष्मांकाने ६५ टक्के, निम्न उष्मांकाने ८०! लाकूड जितके ओले, तितका निम्न उष्मांक शेगडीवर मेहेरबान. लाकडातले पाणी उकळण्यात गेलेली उष्णता तो हिशेबातच धरत नाही. ज्या कायद्याचा हेतू सरपण वाचवण्याचा आहे, त्याला ही पद्धत सोयीची नाही.

पंचाहत्तर इतके अवघड का?

शंभरातले पंचाहत्तरच तर मागितले आहेत, असे कुणी म्हणेल. उरलेले कुठे जातात ते पाहू. प्रयोगशाळेत कार्यक्षमता काढायची प्रचलित रीतही हीच आहे. खोलीला मिळालेली उष्णता थेट मोजण्यापेक्षा वाया गेलेली मोजणे सोपे पडते. शेगडी वजनकाट्यावर ठेवतात, म्हणजे दर मिनिटाला किती लाकूड जळले ते कळते. धुराड्यात तापमापक बसवतात, आणि वायूंतले कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड यांचे प्रमाण मोजतात. त्यावरून तोटे काढायचे आणि शंभरातून वजा करायचे.

पहिला तोटा वाफेचा: १६ पैकी १.५४ मेगाज्यूल, साडेनऊ टक्क्यांहून अधिक. धुराडे इतके थंड केले की त्यातच पाणी ठिबकू लागेल, तरच हा टळेल. दुसरा तोटा गरम वायूंचा. एक किलोग्रॅम कोरडे लाकूड जळायला रसायनशास्त्राच्या हिशेबाने सहा किलोग्रॅम हवा लागते. पण लाकडाच्या प्रत्येक कणाला ऑक्सिजन नेमका पोचत नाही, म्हणून जास्त हवा सोडावी लागते. दुप्पट हवा सोडली तर आपल्या एक किलो सरपणामागे साडेदहा किलो वायू बाहेर पडतात. खोली २० अंश आणि धुराडे २०० अंशांवर असेल, तर त्यांनी नेलेली उष्णता १०.५ गुणिले १.०५ किलोज्यूल गुणिले १८० अंश, म्हणजे सुमारे २ मेगाज्यूल. हवा तिप्पट सोडली तर २.९. तिसरा तोटा न जळलेल्या कार्बन मोनॉक्साइडचा आणि धुराचा, तो ०.३६ मेगाज्यूल धरू.

बेरीज करा. हवा दुप्पट असताना एकूण तोटा ३.९, हाती १२.१, कार्यक्षमता साडेपंचाहत्तर. हवा तिप्पट असताना तोटा ४.८, हाती ११.२, कार्यक्षमता सत्तर. म्हणजे हवेची झडप किती उघडी, एवढ्यावर क्रेडिट मिळणे न मिळणे ठरते.

मग झडप आवळून का टाकू नये? आवळली तर वायूंना ऑक्सिजन कमी पडतो आणि धूर होतो. फुंकणी थांबवली की चुलीतून धूर का येतो, हे आजीला विचारा. ती रसायनशास्त्र न शिकता सांगेल. आणि वायू थंड करून उष्णता काढून घ्यायची म्हटले, तर धुराड्याची ओढ जाते. ही ओढ किती नाजूक असते ते पाहा. बाहेर शून्य अंश तापमान असताना हवेची घनता घनमीटरला १.२९ किलोग्रॅम, धुराड्यात २०० अंशांवर ती सुमारे ०.७५. पाच मीटर उंच धुराड्यात या फरकामुळे मिळणारा दाब सुमारे २७ पास्कल, म्हणजे पाण्याच्या पावणेतीन मिलिमीटर उंचीइतका! त्याच बळावर सगळे वायू वर जातात. धुराड्यात ५० अंशच राहिले तर हा दाब १० पास्कलवर येतो, धूर खोलीत फिरतो, आणि नळीच्या आत डांबरासारखा चिकट थर बसतो. तो थर पुढे पेट घेतो. धुराड्यांना लागणाऱ्या आगींचे ते एक नेहमीचे कारण आहे.

या कोंडीतून वाट काढण्यासाठी दोन-तीन युक्त्या आहेत. ज्वाळेच्या वर नळ्यांतून तापवलेली हवा सोडायची, म्हणजे सहाशे अंशांच्या आसपास धूर पुन्हा पेट घेतो. किंवा धुराच्या वाटेत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी चिनीमातीची जाळी बसवायची आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलॅडियम यांचा पातळ थर द्यायचा. त्या उत्प्रेरकामुळे अडीचशे-तीनशे अंशांनाही धूर जळतो. पेलेटच्या शेगडीत तर गोळ्या फिरत्या स्क्रूने मोजून आत सोडतात आणि पंखा मोजून हवा देतो. इंधन वाळलेले असते, हवा जास्त लागत नाही. म्हणून पंचाहत्तरी गाठणे तिला त्या मानाने सोपे जाते. अर्थात वीज गेली की तिचा स्क्रूही थांबतो.

आपल्याकडच्या चुलींचे आकडे याच्या शेजारी मांडू नका. भारतीय मानक संस्थेच्या मानकात लाकडाच्या सुधारित चुलीला किमान २५ टक्के, आणि पंख्याच्या चुलीला ३५ टक्के कार्यक्षमता मागितली आहे. ती चूल अमेरिकन शेगडीच्या निम्म्याने वाईट, असा अर्थ होत नाही. चुलीच्या अंशात फक्त भांड्यात शिरलेली उष्णता धरतात. स्वयंपाकघर तापले तर तो तोटा. शेगडीच्या बाबतीत खोली तापणे हाच नफा. भाजकाइतकाच अंशही विचारून घ्यावा लागतो.

धूर हिशेबात दिसत नाही

कार्यक्षम शेगडी म्हणजे स्वच्छ शेगडी, असे जाहिरातींत गृहीत धरलेले असते. आपण तपासू. २०२० च्या मे महिन्यापासून अमेरिकेत नव्या शेगडीने तासाला २ ग्रॅमपेक्षा जास्त कण धुरातून सोडू नयेत, असा नियम झाला; ओंडक्यांवर चाचणी घेतली तर अडीच ग्रॅम. जुन्या शेगड्या तासाला १५ ते ३० ग्रॅम सोडत. तासाला दीड किलो लाकूड जळत असेल तर ३० ग्रॅम म्हणजे वजनाने २ टक्के, आणि २ ग्रॅम म्हणजे ०.१३ टक्के. कणांचा धूर पंधरापट कमी झाला, तरी त्यापायी कार्यक्षमता वाढली जेमतेम दोन टक्क्यांच्या आसपास. फुप्फुसांच्या दृष्टीने जमीनअस्मानाचा फरक, आणि टक्केवारीत तो चाचणीतल्या चुकीइतका! क्रेडिटच्या कलमात मात्र अट होती ती फक्त कार्यक्षमतेची.

चाचणीतली चूक म्हटली, तीही महत्त्वाची आहे. तापमान, वायूंचे प्रमाण, लाकडातली ओल, प्रत्येक मापनात थोडी अनिश्चितता असते. तुम्ही प्रॅक्टिकलच्या वहीत ‘७४.५ अधिक-उणे २’ असे लिहिता. कायद्याला अधिक-उणे कळत नाही. ७४.९ ला शून्य आणि ७५.० ला १२०० डॉलर. रेषा कुठेतरी ओढावीच लागते हे खरे. पण अशा रेषेच्या अगदी वर बसलेले आकडे निर्मात्यांच्या पत्रकांत दिसू लागले, तर त्यांकडे जरा संशयाने पाहावे.

आणि आता तो गरीब घरमालक. मोंटाना राज्यात लिबी नावाचे डोंगरांनी वेढलेले लहान गाव आहे. हिवाळ्यात वर उबदार आणि खाली थंड हवा असा उलटा थर तिथे बसतो, आणि शेगड्यांचा धूर दरीतच कोंडून राहतो. २००५ ते २००७ या काळात तिथे हजाराहून अधिक जुन्या शेगड्या काढून नव्या बसवल्या. त्या क्रेडिटवर न सोडता अनुदानातून दिल्या होत्या; मग कर भरणारा असो वा नसो. हिवाळ्यातल्या हवेतले सूक्ष्म कण पाव हिश्श्याहून थोडे अधिक कमी झाले. हजारभर शेगड्या बदलूनही पाऊणच्या आसपास कण राहिलेच, हेही सांगितले पाहिजे. नव्या शेगडीतही ओले लाकूड कोंबले आणि झडप आवळली, तर प्रयोगशाळेतला आकडा प्रयोगशाळेतच राहतो.

शेगडीचे हे क्रेडिट आता उरलेले नाही. मूळ कायद्याप्रमाणे ते २०३२ पर्यंत चालायचे होते; ४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या कायद्याने ते अलीकडे ओढले, आणि ३१ डिसेंबर २०२५ नंतर बसवलेल्या शेगडीला ते मिळत नाही. निर्मात्यांच्या पत्रकांवर टक्के मात्र छापले जातच राहतील.

तोवर एक प्रयोग करता येईल. तुमच्या घराशेजारी बंब किंवा चूल पेटत असेल, तर तिथल्या सरपणाची एक ढलपी घ्या आणि शाळेच्या तराजूवर तोला. मग ती ओव्हनमध्ये १०५ अंशांवर ठेवा, वजन घटायचे थांबेपर्यंत. शाळेत ओव्हन नसेल तर चार-पाच दिवस कडक उन्हात वाळवा. उन्हाने सगळे पाणी जात नाही, म्हणून उत्तर थोडे कमी येईल. घटलेले वजन भागिले मूळ वजन, गुणिले शंभर, म्हणजे ओलीची टक्केवारी. ती ३० आली, तर उच्च उष्मांकाने ६८ टक्के कार्यक्षम असलेली शेगडी निम्न उष्मांकाने किती दिसेल? वरच्यासारखाच हिशेब करून पाहा. उत्तर सुमारे ७७ यायला हवे.